एका घासाची एकवाक्यता

खाणे ही माणसाची इतकी नित्याची क्रिया आहे की तिच्यात तत्त्वज्ञानाला पुरेल असा काही प्रश्न दडलेला असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. परंतु एका घासाविषयी डोळा रूप सांगतो, नाक गंध सांगते, जीभ रस सांगते, बोटे आणि टाळू स्पर्श सांगतात आणि दाताखालचा आवाज कानापर्यंत पोचतो. अशा पाच वाटांनी आलेली वार्ता कोठेतरी एकत्र येते आणि जेवणाऱ्याला पाच निरनिराळे अनुभव न येता एकाच पदार्थाची एकच चव कळते. ही एकी कोठे घडते, ती पदार्थात आधीपासून असते की जाणणाऱ्यात निर्माण होते, आणि निर्माण होत असेल तर तिला खरी म्हणावी की भ्रम म्हणावा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी मेंदूचे शास्त्र जन्मण्यापूर्वी कित्येक शतके विचारला होता, आणि तोही खाण्याचेच उदाहरण घेऊन. या प्रश्नाला धर्माचीही एक बाजू आहे. जिव्हेचा निग्रह बहुतेक साधनमार्गांनी आवश्यक मानला आहे. पण चव जर जिभेवर पुरती घडतच नसेल, तर निग्रह करावयाचा तो नेमका कशाचा, हे ठरवल्यावाचून त्या उपदेशाचा अर्थ लागत नाही.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर तालुक्यातून जाणाऱ्या कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, आळेफाट्याच्या पुढे राजुरी हे दूधधंद्याचे आणि बागायती शेतीचे गाव आहे. या गावात, आणि जुन्नर-आंबेगावच्या साऱ्या पट्ट्यातच, पाहुणा आला म्हणजे मासवडीचा बेत होतो. मासवडीत मासा नसतो. तिखट-मीठ-हळद घालून शिजवलेले, घोटून घट्ट केलेले बेसन ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर भाजून वाटलेल्या सुक्या खोबऱ्याचे, तिळाचे, कांदा-लसणाचे आणि कोथिंबिरीचे सारण पसरतात, फडक्याच्याच आधाराने त्याची गुंडाळी करतात आणि तिला माशाच्या अंगाचा आकार देऊन तिच्या वड्या कापतात. या वड्या, पातळ झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी असे ते जेवण असते. इंद्रियांच्या एकत्रीकरणाचा विचार करावयास हा पदार्थ विशेष सोयीचा आहे, कारण यात डोळा जे सुचवतो ते जीभ नाकारते, आणि तरीही पदार्थाची एकी भंगत नाही.

या घासातील कोणता अंश कोणत्या इंद्रियाचा, याची वाटणी केली तर प्रथम धक्का बसतो तो जिभेच्या वाट्याला आलेल्या अंशाच्या लहानपणाचा. जिभेवरील स्वादकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे सूक्ष्म पुंजके, आधुनिक शास्त्राच्या मते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा मोजक्याच चवी ओळखतात. यांपैकी उमामी, म्हणजे डाळींच्या किंवा मांसाच्या काढ्यात जाणवणारी भरीव रुची, जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी दाखवून दिली. म्हणजे मासवडीविषयी जीभ एकटी फार तर मीठ, थोडा गोडवा आणि काहीसा भरीवपणा एवढेच सांगू शकते. तिळाचा खमंगपणा, लसणाचा उग्रपणा, भाजलेल्या खोबऱ्याचा दरवळ हे सारे गंधाचे काम आहे. रश्श्याचा झणझणीतपणा तर चवीतही बसत नाही आणि गंधातही बसत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडातील ज्या ग्राहीवर परिणाम करते तो ग्राही उष्णतेने भाजल्याची वेदना कळवणारा आहे, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवले, आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहींच्या शोधाबद्दल मिळाले. आयुर्वेदाने आणि वैशेषिकांनी मात्र तिखटाला व तुरटाला सहा रसांत स्थान दिले आहे. त्यावरून जुनी यादी चुकीची ठरवण्याची घाई करू नये. ती यादी मज्जातंतूंची नव्हती, जेवणाऱ्याला तोंडात काय जाणवते याची होती, आणि त्या दृष्टीने ती आजच्या यादीहून अधिक प्रामाणिक आहे.

गंध नाकाने घेतला जात असूनही तोंडात का जाणवतो, याचे उत्तर गंधाच्या दोन वाटांत आहे. एक वाट नाकपुडीची, जिने ताटातला वास आत येतो; दुसरी घशाच्या मागची, जिने चावताना आणि गिळताना मोकळे झालेले गंधकण उच्छ्वासाबरोबर नाकात वर चढतात. या दुसऱ्या वाटेच्या गंधाला मेंदू गंध म्हणून वेगळा दाखवत नाही, तो तोंडातील पदार्थाचाच गुण म्हणून दाखवतो, कारण त्याच क्षणी जिभेला आणि टाळूला त्या पदार्थाचा स्पर्श होत असतो आणि स्पर्श ज्या जागी आहे त्या जागेवर गंधाचे श्रेय जाते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये गंधाचे हे दुहेरीपण आणि त्यातून होणारी चव-गंधाची गल्लत स्पष्टपणे मांडली. पडसे झाल्यावर जेवण बेचव लागते ते जीभ बिघडल्यामुळे लागत नाही. ही दुसरी वाट तुंबलेली असते.

मस्तिष्कपटलात चवीची वार्ता प्रथम इन्सुला या दुमडीत दडलेल्या भागात पोचते आणि तेथून पुढे डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स या मस्तिष्कपटलाच्या भागात जाते, जेथे गंधाची, स्पर्शाची आणि रूपाचीही वार्ता येऊन मिळते. एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील या भागात अशा पेशी नोंदवल्या की ज्या चव आणि गंध, किंवा चव आणि पदार्थाचे रूप, अशा दोन इंद्रियांच्या वार्तेला प्रतिसाद देतात. कानाचा वाटाही क्षुल्लक नाही. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बटाट्याच्या कापा चावतानाचा आवाज हेडफोनमधून खाणाऱ्याला ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातील उच्च स्वरांचा भाग, वाढवला की त्याच कापा अधिक ताज्या आणि कुरकुरीत वाटत.

हाच प्रसंग, म्हणजे कुरकुरीत पदार्थ खाण्याचा, न्यायदर्शनाच्या परंपरेत एका प्रसिद्ध आक्षेपाच्या रूपाने येतो. नैयायिकांच्या मते मन हे अणू आहे, म्हणजे ते अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाऊ शकते, आणि इंद्रिय व विषय समोरासमोर असले तरी मन तेथे नसेल तर ज्ञान होत नाही. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत मनाच्या अस्तित्वाची खूण म्हणून हेच सांगितले आहे की अनेक ज्ञाने एकाच वेळी उत्पन्न होत नाहीत. यावर आक्षेपक विचारतो की लांबट, तळलेली, खुसखुशीत शष्कुली खाताना तिचे रूप दिसते, तिचा वास येतो, रुची कळते, स्पर्श कळतो आणि चावल्याचा आवाजही ऐकू येतो; मग हे सारे एकदम होत नाही असे कसे म्हणावे? सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या सिद्धान्तमुक्तावलीपर्यंत ही शष्कुली दार्शनिकांच्या ताटातून उठलेली नाही. नैयायिकांचे उत्तर असे की मन अतिशय चपळ असल्यामुळे ते एका इंद्रियाकडून दुसऱ्याकडे इतक्या वेगाने जाते की क्रम असूनही तो जाणवत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीतून सुई आरपार गेली तर त्या एकदम छेदल्या असे वाटते, आणि फिरवलेले कोलीत अखंड वर्तुळ भासते, तशीच ही एककालिकता भासमान आहे. भाट्ट मीमांसकांनी मन अणू नसून विभू, म्हणजे सर्वव्यापी, मानले, तर सांख्यकारिकेने बुद्धी, अहंकार, मन आणि एखादे इंद्रिय यांचे व्यापार कधी एकदम तर कधी क्रमाने होतात अशी दोन्हीकडे पाय ठेवणारी भूमिका घेतली.

आजच्या शास्त्राने या वादाचा निकाल नैयायिकांच्या विरुद्ध दिला, असे एका अर्थी म्हणता येते, कारण इंद्रियांच्या वाटा मेंदूत एकाच वेळी चालू असतात आणि दोन इंद्रियांच्या वार्तेला मिळून प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे धावणाऱ्या दूताची गरज उरत नाही. तथापि लक्ष देण्याच्या, म्हणजे अवधानाच्या, बाबतीत नैयायिक फारसे चुकलेले नाहीत. अवधान अरुंदच असते. मन दुसऱ्या कामात गुंतले असता गोडाची आणि खारटाची तीव्रता कमी जाणवते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे, आणि मन अन्यत्र असल्यामुळे समोरचे दिसले नाही, ऐकू आले नाही, हा अनुभव बृहदारण्यकोपनिषदानेही मनाच्या सिद्धीसाठी पुढे केला होता. हातात मोबाइल धरून जेवणाऱ्याने हे पडताळून पाहण्यासाठी उपनिषद उघडण्याची आवश्यकता नाही.

परंतु या वादात तीन वेगळे दावे एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि ते सुटे केल्यावाचून ‘भ्रम’ हा शब्द कोणालाच नीट वापरता येत नाही. पहिला दावा असा की रूप, रस, गंध, स्पर्श आणि ध्वनी हे एकाच वस्तूचे आहेत. दुसरा असा की ते एकाच क्षणी कळतात. आणि तिसरा असा की ते एकाच जागी, म्हणजे तोंडात, कळतात. नैयायिकाने नाकारला तो केवळ दुसरा. पहिला तर त्याच्या दर्शनाचा पायाच आहे, कारण गुणांना आश्रय देणारे द्रव्य खरोखर असते असे तो मानतो. मेंदूविज्ञान नाकारते ते मुख्यतः तिसरा दावा, कारण तिळाचा खमंगपणा जिभेवर नसून नाकाच्या छताशी ओळखला जातो. दुसऱ्या दाव्याविषयी ते इतकेच म्हणते की काही अंशसेकंदांच्या अंतराने आलेल्या वार्ता मेंदू एकाच घटनेच्या म्हणून स्वीकारतो. तेव्हा ‘चव हा मेंदूने रचलेला भास आहे’ असे जे विधान लोकप्रिय लेखनात सर्रास केले जाते ते तिसऱ्या दाव्याचे खंडन पहिल्यावर लादते. जागा चुकीची कळली म्हणून वस्तूची एकी खोटी ठरत नाही. राजुरीच्या ताटातील मासवडीचा तुकडा एकच असतो, त्यातूनच गंधकण निघतात आणि त्यातूनच मीठ विरघळते. मेंदूने त्या वार्ता जोडल्या तर त्याने एका वस्तूचे तुटलेले वृत्त पुन्हा एक केले, एवढाच त्याचा अर्थ आहे. रचना केली म्हणून रचलेले खोटे, हा न्याय लावला तर कोणतेच ज्ञान उरणार नाही.

पहिलाही दावा नाकारणारे होते, ते बौद्ध. आणि त्यांच्यासाठी जुन्नर सोडून लांब जावे लागत नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत, आणि त्यांपैकी शिवनेरीच्या कड्यातील लेण्यांत एका लहानशा प्राकृत लेखात चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा पश्चिमेकडून आलेल्या माणसाने, संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे जे लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले त्यांत तो आहे. लेणी, पाण्याची टाकी, चैत्य यांची दाने पुष्कळ सापडतात. भिक्षूंना जेवावयास बसण्याची जागा देणारा परदेशी दाता मात्र लक्षात राहतो. त्या मंडपात बसणारे भिक्षू अन्नाकडे कसे पाहत असतील, हे त्यांच्या परंपरेच्या शिकवणीवरून समजते. तिच्यात आहार चार प्रकारचा सांगितला आहे: घासाने घेतला जाणारा, इंद्रियसंपर्क हा, मनातील संकल्प हा, आणि विज्ञान म्हणजे जाणीव हा. इंद्रियाचा विषयाशी होणारा संपर्क हाच एक आहार आहे असे म्हणणे म्हणजे तोंडात अन्न जाण्यापूर्वी जेवण सुरू झालेले असते असे म्हणणे होय.

यवन राजा मिनँडर, म्हणजे पाली परंपरेतील मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद म्हणून प्रसिद्ध असलेल्या मिलिंदपञ्हात हा प्रश्न थेट येतो. राजाचे म्हणणे असे की महालात बसलेला माणूस जसा हव्या त्या खिडकीतून बाहेर पाहू शकतो, तसा शरीराच्या आत एक जाणणारा असून तो डोळ्यातून पाहतो आणि जिभेतून रस घेतो. नागसेन विचारतो की असे असेल तर त्या जाणणाऱ्याने कोणत्याही खिडकीतून कोणताही विषय घ्यावा. मग तोंड बांधलेला माणूस मधाच्या कुंडात उतरवला तर त्याला मध गोड आहे हे का कळत नाही? दुसऱ्या एका ठिकाणी राजाच्या आचाऱ्याचे उदाहरण येते: दही, मीठ, आले, जिरे, मिरे घालून केलेल्या सारातून प्रत्येकाची रुची वेगळी उचलून आणता येत नाही, तथापि प्रत्येक रुची आपापल्या लक्षणाने त्यात असते, तसेच स्पर्श, वेदना, संज्ञा हे चित्ताचे धर्म एकत्र असतात. म्हणजे सार आहे, पण सारापलीकडे साराचा कोणी मालक नाही. आजच्या मेंदूविज्ञानाचे चित्र या भूमिकेच्या सर्वांत जवळ जाते हे मान्य करावे लागते. ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये वार्ता येऊन मिळतात, पण तेथे त्या ऐकत बसलेला कोणी सापडलेला नाही.

नैयायिक येथे हार मानत नाही, आणि त्याचा पुढचा युक्तिवाद या साऱ्या चर्चेतील बहुधा सर्वांत चतुर आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याच्या सिद्धीसाठी असे सांगितले आहे की एका इंद्रियाने विषय घेतला असता दुसऱ्या इंद्रियात विकार होतो: आंबट फळ डोळ्याला दिसते आणि पाणी तोंडाला सुटते. डोळ्याला आंबटपणा कळत नाही आणि जिभेला फळ दिसलेले नाही. तेव्हा पूर्वी ज्याने ते रूप आणि तो रस दोन्ही अनुभवले होते आणि ज्याला आता त्याची आठवण झाली आहे असा एक कोणीतरी, इंद्रियांहून वेगळा, असला पाहिजे. कैरी नुसती दिसली तरी ज्याच्या तोंडाला पाणी सुटते त्याच्याजवळ आत्म्याचा पुरावा आहे, असा हा तर्क आहे. पचनाच्या शरीरक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल मिळवणाऱ्या इव्हान पाव्हलॉव्हने नेमकी हीच लाळ कुत्र्यांत मोजली आणि तिच्यावरून अगदी उलट निष्कर्ष काढला: दोन संवेदना वारंवार बरोबर आल्या की मज्जासंस्थेत त्यांचे नाते जुळते, आणि त्यासाठी आठवणाऱ्या आत्म्याची गरज नाही. लाळ एकच, आणि तिच्यावरून एकाला आत्मा दिसला तर दुसऱ्याला प्रतिक्षिप्त क्रिया. पाव्हलॉव्हचा निष्कर्ष लाळेपुरता पक्का आहे. परंतु आंबटपणाची आठवण कोणाला तरी *होते*, या बाजूविषयी लाळेचे थेंब मोजून काही सांगता येत नाही, आणि बौद्धांनी त्याचे उत्तर स्मृतीच्या अखंड संतानाने, म्हणजे एका क्षणाच्या चित्तातून दुसऱ्या क्षणाचे चित्त जन्मण्याच्या साखळीने, दिले हे येथे नोंदवून पुढे जाणे योग्य.

राजुरीपासून काही किलोमीटरवरील आळे या गावी, ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले असे मानले जाते त्या रेड्याची समाधी आहे. वारकरी त्या समाधीचे दर्शन घेतात आणि चैत्रात तेथे यात्रा भरते. त्या आख्यायिकेत असेही येते की रेड्याच्या पाठीवर मारलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. म्हणजे जाणणारा केवळ पाच इंद्रियांत एक नसून दोन देहांतही एक आहे, असा नैयायिकाच्याही पुढचा दावा ती करते. आख्यायिकेवरून सिद्धांत ठरत नाहीत. पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी जे येते ते आख्यायिका नाही, आणि इंद्रियांच्या एकत्रीकरणाविषयी मराठीत त्याहून सूक्ष्म लेखन क्वचितच झाले असेल. आपल्या बोलण्याच्या रसाळपणामुळे कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत भांडण लागेल, असे तेथे म्हटले आहे: शब्द हा खरा तर कानाचा विषय, पण जीभ त्याला आपला रस म्हणते, नाकाला तो परिमळ वाटतो, डोळ्यांना त्यात रूपाची खाण उघडलेली दिसते, आणि पूर्ण पद उभे राहिले की मन त्याला आलिंगन देण्यासाठी बाहेर धावते. पुढे या बोलांची ताटे करून त्यांत मोक्षरस वाढल्याचे सांगितले आहे, म्हणजे सारा प्रसंग अखेरीस जेवणाचाच होतो.

या भांडणाचा निवाडा तेथे ज्या दृष्टांताने होतो तो महत्त्वाचा आहे: इंद्रिये आपापल्या भावाने झोंबत असली तरी बोल सर्वांना सारखेच समाधान देतो, जसा एकटा सूर्य साऱ्या जगाला जागे करतो. हा सूर्य नैयायिकाच्या अणू मनासारखा दारोदार धावत नाही, आणि नागसेनाच्या सारासारखा घटकांत विरूनही गेलेला नाही. तो एका जागी राहून सर्वांवर एकदम पडतो. वेदान्तात ज्याला साक्षी म्हणतात, म्हणजे स्वतः व्यापार न करता सर्व व्यापार प्रकाशित करणारे चैतन्य, त्याचा हा नमुना आहे. ‘वार्ता कशा जोडल्या जातात’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो निरुपयोगी आहे, कारण प्रकाश कसा जोडतो हे तो सांगत नाही. ‘जोडलेले कोणाला कळते’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून मात्र तो अजून मोडीत निघालेला नाही, कारण त्या प्रश्नाला मेंदूविज्ञानाने सर्वमान्य असे उत्तर दिलेले नाही.

निग्रहाच्या प्रश्नाकडे वळले की ही चर्चा व्यवहारात उतरते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांचा रस उरतो, आणि तो परमतत्त्वाच्या दर्शनानेच जातो. ज्ञानेश्वरांनी येथे रस या शब्दाला जिभेशी जोडले आणि म्हटले की कान-डोळे आवरले पण रसनेला मोकळे सोडले तर ते झाडाची पालवी खुडून मुळाला पाणी घालण्यासारखे आहे. इतर विषय तोडता येतात, पण खाण्यावाचून जगणे घडत नाही म्हणून हा एक विषय हट्टाने तोडता येत नाही. इंद्रियांची सरमिसळ ध्यानात घेतली तर हे अधिक पटते. डोळा मिटला तर रूप जाते, पण तोंड उघडल्यावाचून जगता येत नाही आणि ते उघडले की नाक, टाळू, कान आणि मागाहून स्मृती हे सारे त्याच दाराने आत येतात. रसना हे पाचांतले एक इंद्रिय नसून पाचांचा चव्हाटा आहे.

आचारधर्माला हे कळत होते असे दिसते. देवाला दाखवावयाच्या नैवेद्याची चव घेऊ नये इतकेच सांगून परंपरा थांबली नाही, त्याचा वासही घेऊ नये असे तिने सांगितले, कारण वास घेणे हे अर्धे भोजन मानले गेले. माधुकरीचे अन्न पाण्यात बुडवून मग खाण्याची जी रीत मराठी साधूंच्या चरित्रांत येते तीही जिभेपुरती नाही. त्यात मीठ विरघळून जाते, आणि अन्न थंडगार झाल्यामुळे गंधकण कमी उडतात, म्हणजे घशामागच्या वाटेवरच बांध पडतो. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्वादव्रताचा अर्थ अन्न औषधाप्रमाणे, रुचीचा विचार न करता घेणे असा सांगितला. याच्या उलट टोकाला घराघरातील उपवास आहे, जेथे धान्य सोडले जाते पण शेंगदाणे, जिरे, मिरची आणि तूप यांच्या साहाय्याने पाचही इंद्रियांची सोय केली जाते, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्याच अनुभवातून आली आहे.

या दोन टोकांमध्ये आणखी एक रीत आहे आणि तिच्याकडे तत्त्वचिंतकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. राजुरीहून महामार्गाने पूर्वेकडे गेले की आणे हे गाव लागते, जेथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी बेचव नसते. ती चांगली तिखट आणि मसालेदार असते, आणि लोक ती आवडीने खातात. पण पदार्थ एकच असतो. एडमंड आणि बार्बरा रोल्स यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले की खाल्लेल्या पदार्थाची गोडी पोट भरण्याआधीच ओसरू लागते, पण न खाल्लेल्या पदार्थाची ओसरत नाही. पंचपक्वान्नांच्या पंगतीत माणूस अधिक जेवतो तो यामुळेच. एका आमटीच्या पंगतीत रुची मोकळी राहते आणि तृप्ती मात्र आपोआप तिच्यावर मर्यादा घालते. अस्वादव्रताला जे इच्छाशक्तीने साधावयाचे असते त्याचा काही भाग येथे पदार्थांची संख्याच साधून देते, आणि सर्वसाधारण माणसासाठी ही वाट अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

मात्र चवीत मनाचा जो वाटा आहे त्याकडे पाहिले की प्रश्न पुन्हा अवघड होतो. सोमदेवसूरीने इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकचंपूत यशोधर राजाची कथा आहे, ज्यात राजा जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो आणि ते पीठ मांस म्हणून खाल्ले जाते. या कृत्याचे पाप त्याला कित्येक जन्म भोगावे लागते, कारण हिंसेचा संकल्प खरा होता. जैन दृष्टीने येथे जीभ निर्दोष आहे, डोळा आणि मन दोषी आहेत. हाच निकष मासवडीला लावला तर माळकरी घरातील माशाच्या आकाराची वडी संकटात येईल; परंतु तसे कोणी मानत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण मासवडी खाणाऱ्याच्या मनात मासा खाण्याचा संकल्प नसतो, फार तर त्याच्या आकाराची गंमत असते. रूप आणि रस यांच्यातील अंतर त्याला माहीत असते आणि त्या अंतरासह तो घास एक असतो. यशोधराच्या कथेत ते अंतर मनाने मिटवले आहे. म्हणजे पापपुण्याच्या दृष्टीनेही इंद्रिये काय वार्ता आणतात यापेक्षा ती कोणत्या भावाने जोडली जातात हे निर्णायक ठरते.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे असंख्य लोकांचा गंध काही काळ गेला आणि त्यांना प्रथमच कळले की जीभ शाबूत असूनही भाकरी आणि पुठ्ठा यांत फारसा फरक उरत नाही. त्यांच्यापासून विषय दूर झाला होता, आणि तोही कोणत्याही व्रताशिवाय. त्यांना वैराग्य आले नाही. उलट खमंग फोडणीची, गेलेल्या चवीची ओढ पुष्कळांना आधीपेक्षा अधिक जाणवली. केंट बेरिज या शास्त्रज्ञाने मेंदूतील हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन प्रक्रिया वेगळ्या असल्याचे दाखवले आहे, आणि दुसरी थांबली तरी पहिली चालू राहू शकते. गीतेतील विषय जाऊन रस उरण्याचे वर्णन या अर्थाने मेंदूच्या रचनेशी जुळते. तो उरलेला रस परमतत्त्वाच्या दर्शनाने निवृत्त होतो हे तिचे उरलेले अर्धे विधान मात्र प्रयोगशाळेच्या कक्षेत अद्याप आलेले नाही, आणि ते तेथे कोणत्या उपायाने आणावे याची कल्पना ना शरीरशास्त्रज्ञाजवळ आहे ना वेदान्त्याजवळ.